आण्णा खोराट्यांचा व्हिसेरा

आण्णा खोराट्यांचं प्रेत मलकापूरहून कोल्हापूरला आलं, तेव्हा डोक्याला दोन टॉवेल गुंडाळलेले होते. आतला टॉवेल कवटीला असा चिकटला होता की सोडवताना त्याच्याबरोबर केसांचा पुंजका आणि हाडाचा एक तुकडाही हातात आला. संघप्रिया कुरणेनं तो तुकडा ट्रेमध्ये ठेवला आणि दिवा खाली ओढून घेतला.

सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन करणं हे तिचं काम. उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेले, विहिरीत गेलेले, बांधाच्या भांडणात कोयता लागलेले, सगळे शेवटी तिच्या टेबलावर यायचे. रक्तामांसाचं तिला आता काही वाटत नसे. तरीही या डोक्यापाशी ती थबकली.

"गोठ्यात म्हशीनं लाथ मारली, म्याडम," प्रेताबरोबर आलेले सहायक निरीक्षक पृथ्वीराज साळोखे म्हणाले. "घरची समदी तेच सांगत्यात. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद केलीया."

"किती लाथा?"

"आँ?"

"हे बघा. दोन खड्डे आहेत, एकाला एक लागून. दोन्ही गोल आणि एकाच मापाचे. म्हशीचा खूर मधोमध फाटलेला असतो, साळोखे. त्याचा ठसा असा वाटोळा उमटत नाही. आणि पहिल्याच तडाख्याला माणूस आडवा होतो. आडव्या झालेल्या माणसाच्या त्याच जागेवर म्हैस नेम धरून दुसरी लाथ घालेल?"

साळोख्यांनी मान खाजवली. "जत्रेचा दिस हुता. म्हातारा प्यालेला असंल. पडला असंल दोन-तीनदा. दारू हाय का बघा की, म्हंजे मिटलं."

दारूचा वास नव्हता. आण्णांच्या पोटात नुकतंच जेवलेलं अन्न होतं. मटणाचे तुकडे, भात, पांढुरका दाट रस. जेवण पचायला वेळच मिळाला नव्हता. अंगावर सुईची खूण नव्हती, गळ्यावर बोटं नव्हती. फक्त डोकं फुटलेलं होतं, आणि उजव्या हाताच्या नखांत शेण होतं.

नेहमीच्या रीतीप्रमाणं तिनं जठर आणि त्यातलं अन्न एका बरणीत, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे दुसऱ्या बरणीत आणि रक्त तिसऱ्या बाटलीत भरलं. सगळ्याला लाख लावून ते रासायनिक तपासणीला पाठवलं. अहवालात लिहिलं की मृत्यू डोक्याला कठीण, बोथट, गोल तोंडाच्या वस्तूनं झालेल्या इजेनं. अंतिम मत व्हिसेऱ्याचा, म्हणजे या बरण्यांतल्या अवयवांच्या तपासणीचा, अहवाल येईपर्यंत राखून ठेवलं आहे. साळोख्यांनी कडू तोंड करून कागद घेतला. त्यांच्या लेखी एका म्हशीची भानगड लांबली होती.

बाहेर थोरला मुलगा कृष्णात भिंतीवर डोकं आपटून रडत होता. अंगानं दांडगा गडी, दोघंजण धरून होते तरी आवरत नव्हता. आण्णांची बायको तानूबाई खांबाला टेकून बसली होती, तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. धाकटा आदर्श कबनूरला मागावर कामाला होता. तिथनं तो तसाच आला होता, अंगावरच्या शर्टाला अजून सुताचा भुरा होता. त्याची बायको अनुजा मलकापुरातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. तीच तेवढी पुढं आली.

"मॅडम, मामांना फार त्रास झाला असेल का हो?"

"नाही. पहिल्याच घावाला शुद्ध गेली असणार."

'घाव' हा शब्द ऐकला आणि कृष्णात रडायचा थांबला. एकदम, नळाची तोटी फिरवल्यासारखा. त्यानं संघप्रियाकडं बघितलं, मग अनुजाकडं. मग पुन्हा भिंतीला डोकं लावलं, पण आता ते आपटत नव्हतं.

*

व्हिसेऱ्याचा अहवाल यायला दोन-अडीच महिने गेले. एक प्रत ठाण्याला गेली, एक संघप्रियाच्या विभागाला. ठाण्याची प्रत आधी पोचली आणि तिथल्या कुणीतरी पावण्याचं काम म्हणून तिचा फोटो काढून कृष्णातला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोराट्यांच्या गावात, तळीच्या वाडीतल्या प्रत्येक मोबाइलवर तो कागद फिरत होता. त्यातला एकच शब्द लाल रेघेत घेतलेला होता: मॉर्फिन. वाडीला तो शब्द ठाऊक नव्हता, पण फोनला विचारायला कितीसा वेळ लागतो? ऑपरेशनच्या वेळी देतात ते गुंगीचं औषध. सुईतनं देतात. आणि वाडीत सुई कोण हाताळतं? खोराट्यांची धाकटी सून. कृष्णातनं आपल्याच आवाजात सगळ्यांना पाठवलं होतं, "माज्या बापाला सुई टोचून बेशुद्ध पाडला, आन् मग त्येचं डोस्कं फोडलं. घरातच साप पाळलाता आमी. आता गावानं ठरवावं."

गावानं ठरवायला वेळ लावला नाही.

पुढचं संघप्रियाला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. त्यानं सांगितलं नसतं तरी ते अनुजाच्या अंगावर जागोजागी दिसतच होतं.

अनुजा दवाखान्यातली पाळी संपवून दुपारच्या गाडीनं आली. थांब्यावर माणसं उभी होती, तिला वाटलं कुणाकडं काही कार्य असेल. पायरीवरनं एक पाय खाली ठेवला तेवढ्यात कुणीतरी वेणी धरून ओढली. ती तोंडावर रस्त्यावर पडली आणि पुढचे दोन दात तिथंच राहिले. मग चपला झाल्या, मग लाथा. बायकासुद्धा होत्या. ज्या बायकांच्या पोरांना तिनं घरी जाऊन इंजेक्शनं दिली होती, त्यातलीच एक ओरडत होती, "कितीजणांस्नी टोचलंस गं रांडं, सांग!" अनुजानं तोंडावर हात घेतले, तेव्हा चिव्याच्या बांबूची काठी हातावर बसली आणि हाड कडकन मोडलं. हात खाली गेला तशी पुढची काठी थेट डाव्या डोळ्यावर आली.

"ती आरडली न्हाय म्याडम," कंडक्टर म्हणाला. त्याच्या खाकी शर्टावर रक्ताचे डाग वाळून काळे पडले होते. "निस्तं म्हणत हुती, 'काय केलं म्या, काय केलं म्या?' कुणी सांगंना. समदी हाणत्याती. ह्यो कृष्णात लांब हुबा, हाताची घडी घालून. एकानं प्लास्टिकच्या ड्रममदनं डिझेल आणलं. तवा ही म्हातारी कुठनं आली कुणास ठावं. धावली आन् सुनंच्या अंगावर पालथी पडली. 'मला पेटवा आदी,' म्हणली. तिच्या पाठीतबी चार काठ्या बसल्या. मग आमच्या ड्रायव्हरनं गाडी गिअरात टाकली, हॉर्न दाबून धरला आन् सरळ गर्दीत घातली. माणसं फाकली. दोघींस्नी उचलून आत घेतलं आन् दारं लावली. काचा फोडल्या त्येंनी. फुटूंदेत."

अनुजाला मलकापूरहून कोल्हापूरला आणेपर्यंत तिचा डावा डोळा गेला होता. तीन बरगड्या मोडलेल्या, प्लीहेतून रक्त चाललेलं. सर्जननं तिला टेबलावर घेतलं. त्याआधी संघप्रियाला जखमांची नोंद करायला बोलावलं होतं. मेलेल्या माणसाच्या जखमा मोजणं वेगळं. इथं प्रत्येक जखमेला हात लावला की तिच्याखालचं अंग थरथरत होतं.

भूल उतरल्यावर आदर्श आत आला. तो कबनूरहून निघाला तेव्हापासून त्याचा फोन वाजायचा थांबला नव्हता. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून त्यानं बायकोच्या पट्ट्या बांधलेल्या तोंडाकडं बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं,

"अनुजा, खरं सांग. आण्णाला काय दिलतंस का तू? कायबी, झोपंचं, दुखण्याचं?"

अनुजानं उरलेला डोळा उघडला. त्याच्याकडं बराच वेळ बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. बरगड्या मोडलेल्या माणसाला कूस बदलताना किती कळ येते हे संघप्रियाला माहीत होतं. तरी ती वळली.

*

संघप्रिया आपल्या खोलीत आली. विभागाची प्रत टपालात पडून होती. तिनं पाकीट फोडलं. मॉर्फिन सापडल्याचं लिहिलं होतंच. पण कुठल्या बरणीत? जठर आणि त्यातल्या अन्नात. यकृत-मूत्रपिंडाच्या बरणीत नाही. रक्तात नाही. गावभर फिरलेल्या फोटोत त्या ओळीही होत्या, पण त्यांना कुणी लाल रेघ मारली नव्हती.

तिनं प्रयोगशाळेतल्या ऋतुराज देसायांना फोन लावला.

"देसाई, सुई दिली असती तर औषध आधी रक्तात जाईल की पोटातल्या भातात?"

"रक्तात. हे काय विचारणं झालं?"

"मग इथं रक्तात काहीच कसं नाही? आणि अन्नात अजून काय काय होतं ते सांगा. तुमच्या आलेखावर मॉर्फिनच्या आजूबाजूला काय आहे?"

देसायांनी कागद शोधायला वेळ घेतला. मग म्हणाले, "कोडीन आहे थोडं. आणि थेबाईन. सगळंच अगदी नखभर. सुईचं मॉर्फिन शुद्ध करून आलेलं असतं, त्यात थेबाईन नसतं. हे थेट अफूच्या झाडाचं दिसतंय."

"अफूच्या झाडाचं. म्हणजे अफू, किंवा..."

"किंवा खसखस," देसाई म्हणाले. "जत्रेचं जेवण होतं का हो?"

"हे तुम्ही अहवालात का नाही लिहिलंत?"

"आम्हाला विचारतात काय सापडलं. ते आम्ही सांगतो. ते तिथं कसं आलं, हे मत तुमचं असतं, डॉक्टर."

त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. संघप्रियानं फोन ठेवला. एका बाईचा डोळा फुटला होता, आणि तोही खसखशीपायी.

वऱ्हांड्यात साळोखे उभे होते, शेजारी वाडीचे पुढारी गणपतराव. गणपतराव कृष्णातबरोबर जीपनं आले होते, म्हातारीला घरी न्यायला.

"अनुजाच्या नावावर गुन्हा घालायच्या आधी थांबा," संघप्रिया म्हणाली. "आण्णांच्या पोटातलं मॉर्फिन पांढऱ्या रश्श्यातलं आहे. वाटणात खसखस असते, खसखशीत ते उपजतच असतं. नखभर. त्यानं गुंगी येत नाही की काही होत नाही. ते रक्तात उतरायच्या आधीच माणूस संपला."

गणपतराव हसले. "रश्श्यानं माणसं मरत असती तर निम्मं कोल्हापूर कवाच खपलं असतं की."

"मरत नाहीत, हेच मी सांगतेय. आण्णा रश्श्यानं मेले नाहीत. सुईनंही मेले नाहीत. हातोड्याच्या घावानं मेले."

"तुमास्नी पांढऱ्या रश्श्यातलं काय ठावं?" गणपतरावांनी तिच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडं निवांत बघितलं. "तुमच्यात करत्यात व्हय?"

"आमची आई करते. चिमणाबाई कुरणे. तुम्ही आमच्यात कधी जेवायला आला नाहीत, म्हणून चव ठाऊक नसेल."

साळोख्यांनी खाली मान घातली. गणपतरावांचा चेहरा दगडासारखा झाला. संघप्रिया तिथनं निघाली आणि वॉर्डशेजारच्या ड्रेसिंगच्या खोलीत आली. तिथं तानूबाई बाकावर बसली होती. पाठीतल्या वळांवर नर्सनं नुकतंच मलम लावलं होतं, आणि म्हातारी पदर सावरायचंही विसरून गेली होती.

*

संघप्रिया तिच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"मावशी, जत्रेदिवशी जेवण कुणी केलं होतं?"

"म्या. आन् कोन करणार?"

"पांढऱ्यात काय काय घातलं होतं?"

तानूबाईनं तिच्याकडं वेड्यासारखं बघितलं. सून मरणाच्या दारात आणि ही डॉक्टरीण रस्सा विचारतेय! पण विचारलं म्हणून सांगितलं. "वलं खोबरं. काजू. तीळ. खसखस. आमच्या आण्णांस्नी खसखस ज्यास्त लागायची. घट हुतो रस्सा."

"कागदावर जे विष म्हणून आलंय ना मावशी, ते ही खसखस आहे. विष नाहीच ते. अनुजानं कुणाला काही दिलेलं नाही."

तानूबाईचे ओठ हलले. पाट्यावर खसखस वाटलेले आपलेच हात तिनं उलटेसुलटे करून बघितले. मग म्हणाली, "म्हंजे पोरीनं काय केलं न्हाय, ते तुमच्या कागदावर कळतंया?"

"कळतं."

"मग कुणी केलं, तेबी कळतंया?"

"कशानं केलं ते कळतं. कुणी, ते कळत नाही. ते ज्यानं बघितलंय त्यानं सांगायचं असतं."

दाराबाहेर कुणाच्या तरी चपला वाजल्या. तानूबाईनं तिकडं बघितलं नाही. तिनं पदर तोंडाशी धरला, मग सोडून दिला.

"मोना, आमची थोरली सून," ती म्हणाली. "कृष्णात लई मारायचा तिला. पट्ट्यानं, लाटण्यानं, घावंल त्येनं. अनुजा तिला म्हणायची, तक्रार कर. म्हणून ह्येचा अनुजावर डूख. जत्रंला मोनाच्या माहेरचं पावणं आलतं. तिच्या मानंवरचं वळ बगून तिची आई पंगतीतच रडाय लागली. तवा आण्णांनी भर पंगतीत कृष्णातच्या थोबाडात वाजवली. म्हणलं, 'हिचा हात पुन्यांदा धरायची तुजी लायकी न्हाय,' आन् मोनाला पावण्यांसंगं लावून दिलं. मग सोता जेवलं. जेवून धारा काडाय गोठ्यात गेलं."

ती थांबली. संघप्रियानं तिचा घसरलेला पदर सावरला.

"म्या मागनं चरवी घिऊन गेलते. दारातच थिजले. आण्णा म्हशीच्या पायापाशी बसलं हुतं. कृष्णात मागं हुबा, खुंट ठोकायचा हातोडा हुता हातात. म्या आरडायच्या आदीच त्येनं हाणला. आण्णा कलंडलं. त्येंचा हात निस्ता शेणात फिरत हुता, कायतरी चाचपडल्यागत. तवा त्येनं पुन्यांदा हाणला. मग माज्याकडं बगितलं, आन् म्हणला, 'आये, म्हशीनं मारलं.'" तानूबाईचा आवाज फुटला. "आन् म्याबी म्हणलं, 'व्हय, म्हशीनं मारलं.' नवरा तर गेलाताच. प्वाटचं कशाला फासावर दिऊ म्हणलं. गप बसले. मला काय ठावं, ती गप बसल्याली जीब ह्या पोरीच्या डोळ्यात काठी हून घुसंल..."

दार फाडकन उघडलं.

कृष्णात आत आला. आईचे शब्द त्याच्या कानावर पडले होते. त्यानं सरळ आईचा गळा धरला आणि तिला बाकावरनं उचलून मागच्या भिंतीवर आदळलं. म्हातारीचे पाय अधांतरी लटकले. घशातनं फक्त हवा निघाल्यासारखा आवाज आला. संघप्रिया त्याच्या हातावर तुटून पडली. तिनं नखं रुतवली, करंगळी धरून उलटी मोडली, पण त्या पंजाची पकड ढिली होईना. त्यानं मोकळ्या हातानं तिच्या तोंडावर असा तडाखा दिला की ती ट्रॉलीवर जाऊन पडली. कात्र्या, चिमटे, स्पिरिटची बाटली, सगळं तिच्या अंगावर आलं. ती उठली. सलाईनचा लोखंडी दांडा उचलून त्याच्या गुडघ्यामागं घातला. तो वाकला, आई त्याच्या हातातून सुटून खाली ढासळली. मग तो वळला. तोच दांडा तिच्या हातातून हिसकून त्यानं तिच्यावर उगारला. डोकं वाचवायला तिनं उजवा हात वर केला आणि मनगटातला कडाका तिला आधी ऐकू आला, कळ मागून आली. आजच तिनं अनुजाच्या हाताबद्दल लिहिलं होतं, 'स्वतःचा बचाव करताना झालेली इजा.'

"तुज्या आयला तुज्या, कागदावरनं माणसं मारतीस!" कृष्णात ओरडला आणि दांडा पुन्हा वर गेला.

तो खाली आला नाही. आदर्शनं त्याला मागनं कमरेत मिठी मारून फरशीवर पाडलं होतं. मघाशी दाराबाहेर त्याच्याच चपला वाजल्या होत्या, आणि आईचं सगळं ऐकून तो तिथंच खिळला होता. तो भावाच्या छातीवर बसला आणि दोन्ही मुठींनी हाणू लागला. नाक फुटलं, ओठ फाटला, दात हलला. तो थांबेना. कृष्णातचे हात केव्हाच गळून पडले होते. आदर्शनं त्याचे कान धरले आणि डोकं उचलून फरशीवर आपटलं. एकदा. पुन्हा उचललं.

"आदर्श!" तानूबाई फरशीवरनं सरपटत आली आणि तिनं त्याच्या मनगटाला हात घातला. गळ्यावर पाच बोटं काळीनिळी उठली होती, आवाज घोगरा झाला होता. "सोड त्येला. एक डोस्कं फुटल्यालं बगितलंय म्या. आता आनि न्हाय बगायचं मला. सोड."

आदर्शनं कान सोडले. त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते. साळोखे तोवर धावत आत आले होते आणि दारात गणपतराव उभे होते. खाली पडलेल्या कृष्णातला ओळखावं की नाही, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

"साहेब," तानूबाई साळोख्यांना म्हणाली, "हातोडा उकिरड्यात हाय. म्हशीच्या गोठ्यामागं. खणून घ्या. म्या दाखवते."

*

हातोडा सापडला. लाकडी दांड्याच्या फटीत वाळलेलं रक्त होतं आणि लोखंडी तोंडाचं माप कवटीतल्या खड्ड्यांशी तंतोतंत जुळलं. तानूबाईनं न्यायाधीशांपुढं उभं राहून, पोराच्या डोळ्यांत बघून साक्ष दिली. कृष्णातच्या वकिलानं शेवटचा डाव म्हणून मॉर्फिन बाहेर काढलंच.

"मयताच्या पोटात मॉर्फिन सापडलं, हे खरं की खोटं?"

"खरं," संघप्रिया म्हणाली. तिचं मोडलेलं मनगट जुळलं होतं, पण थंडीत अजून ठणकायचं. "ते आज जत्रा जेवून आलेल्या कुणाच्याही पोटात सापडेल. तुमच्याही."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी तो थांबवला आणि ते वाक्य लिहून घ्यायला सांगितलं. कृष्णातला जन्मठेप झाली.

अनुजाला मारणाऱ्यांवरचा खटला मात्र अजून रेंगाळतोय. फोनवर चित्रफिती आहेत, तोंडं स्पष्ट दिसतात, तरी साक्षीदार उभे राहत नाहीत. गणपतरावांनी म्हणे गावाला सांगितलंय की झालं ते कृष्णातच्या फसवणुकीनं झालं, गावाचा त्यात दोष नाही. ड्रम घेऊन आलेला माणूस जामिनावर सुटला आहे आणि रोज त्याच थांब्यावर बसतो.

निकालाच्या दिवशी संघप्रियाला अनुजा कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटली. डाव्या डोळ्यावर काळी काच, तोंडात नवे दात. तिनं चंदगडला नवी नोकरी धरली होती आणि तिथंच खोली घेतली होती. आदर्श महिन्याकाठी येतो, दारात पिशवी ठेवतो, चहा पितो आणि जातो, असं तिनं सांगितलं. आत बोलवावं असं अजून तिला वाटलं नव्हतं. त्यानं त्या दिवशी विचारलेला प्रश्न तिच्या कानातून गेला नव्हता.

तानूबाई मात्र तिच्याकडंच राहत होती. आत्ता ती खालच्या पायरीवर बसून पायातली चप्पल झटकत होती.

"तुला राग येत नाही त्यांचा?" संघप्रियानं हळू विचारलं. "त्या पहिल्या दिवशी बोलल्या असत्या तर..."

"येतो की, मॅडम. रोज येतो," अनुजा म्हणाली. "रोज विचारते मी आत्तींना, का गप्प बसलात? त्यांना सांगता येत नाही. रडतात. मग मी भाकरी वाढते, आणि जेवतो दोघी."

चंदगडची गाडी लागायची वेळ झाली होती. अनुजानं म्हातारीच्या दंडाला धरून तिला उठवलं, आणि दोघी स्टँडकडं चालू लागल्या.